कुत्र्यांची डॉक्टर

आमच्या दाराबाहेर, चपलांच्या रॅकशेजारी एक निळी बादली असते. ती माझी. घरात दुसरं कुणी तिला हात लावत नाही. संध्याकाळी कामावरून आले की अंगावरचा कोट आणि ओढणी त्या बादलीत जाते आणि मी थेट न्हाणीत. अम्मीचा हा नियम गेल्या नऊ वर्षांत एकदाही मोडलेला नाही. "आधी न्हाणी, मग सलाम," असं ती आतूनच ओरडते.

मी पशुवैद्यक आहे. खाडीकाठच्या एका शहरात महापालिकेचं भटक्या कुत्र्यांसाठी केंद्र आहे, तिथे काम करते. एका बाजूला नसबंदीची शस्त्रक्रिया होते, दुसऱ्या बाजूला गाडीखाली आलेली, आजारी, कुणी गोणीत भरून आणून टाकलेली जनावरं असतात. कुत्रेच जास्त. मांजरं असतात, कधी मांज्यात अडकलेली घार येते, क्वचित एखादं गाढव.

लग्नाच्या वयात स्थळं यायची तेव्हा अम्मी एवढंच सांगायची की मुलगी डॉक्टर आहे, महापालिकेत. त्यात खोटं काही नव्हतं. एकदा चहाचा ट्रे घेऊन मी बाहेर आले आणि मुलाच्या आईने कौतुकाने विचारलं, "कसली डॉक्टर, बेटा?" मी म्हटलं, "कुत्र्यांची." बशीतला चहा बशीतच राहिला. ते स्थळ परत आलं नाही. अम्मी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेळीपासून सुरुवात

माझं बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात गेलं. अब्बांनी शेळ्या पाळल्या होत्या. एका पावसाळी रात्री आमची काळी शेळी अडली. पिल्लू आडवं आलं होतं. तालुक्याहून गुरांचे डॉक्टर भिजत मोटारसायकलवर आले, कोपरापर्यंत हात धुतला, साबण लावला आणि कंदिलाच्या उजेडात पिल्लू सरळ करून बाहेर काढलं. आई आणि पिल्लू दोघंही जगली. दादीने त्या डॉक्टरांना इतक्या दुआ दिल्या की ते बिचारे लाजले. मी नऊ वर्षांची होते. त्या रात्रीच माझं ठरलं.

पुढे परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. हे कॉलेज १८८६ पासूनचं. परळमध्येच बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, ज्याला जुने मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. ते चालवणारी, प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था १८७४ सालची. ट्राम ओढणारे घोडे आणि गाड्यांचे बैल ज्या शहरात राबत होते, तिथे त्यांच्यासाठीही दवाखाना हवा, हे लोकांना तेव्हाच सुचलं होतं.

आपल्या समाजात हा पेशा नवा नाही. अरबीत जनावरांच्या वैद्याला बैतार म्हणतात. औषधी वनस्पतींवर मोठं काम करून १२४८ मध्ये दमास्कसला वारलेले इब्न अल बैतार यांच्या नावाचा अर्थच 'बैताराचा मुलगा' असा आहे. उर्दूत जुने लोक सलोतरी म्हणायचे. तो शब्द आपल्याच देशातल्या शालिहोत्रांच्या नावावरून आला. घोड्यांच्या वैद्याला मान होता. कुत्र्यांच्या डॉक्टरचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तो माझ्या घरातच उभा राहिला.

दादीची पुडी

आम्ही कोकणातले, शाफई. आमच्या फिकहनुसार कुत्र्याची लाळ किंवा ओला स्पर्श लागला तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यात एकदा मातीने. हनफी घरांत तीन वेळा धुणं पुरेसं मानतात. मालिकी आलिमांचं म्हणणं आणखी वेगळं आहे. या मतभेदांत पडण्याचं माझं ज्ञान नाही. मी माझ्या घरची रीत पाळते.

नोकरी लागली तेव्हा अम्मीचा एकच धोशा होता. "दिवसभर तेच हात, आणि त्याच हातांनी नमाज?" मी समजावायचे की हातमोजे असतात, कोट असतो, कोरडा स्पर्श आणि ओला स्पर्श यात फरक आहे, आंघोळ आहे. तिचं समाधान होईना. शेवटी गावाहून दादीचं पार्सल आलं. त्यात आंबोशी, कोकम आणि जुन्या दुपट्ट्यात बांधलेली लाल मातीची पुडी होती. परसातली स्वच्छ माती, चाळून वाळवलेली. दादीने फोनवर अम्मीला सांगितलं, "धुवायची रीत सांगितलीय म्हणजे हात लागणार हे धरूनच सांगितलीय ना? मग पोरीला धुवू दे आणि काम करू दे."

त्यानंतर घरात तो विषय कमी झाला. संपला नाही, पण कमी झाला. दादी आता नाही. पुडी संपत आली की गावचे चाचा नवी पाठवतात.

तहानलेल्या कुत्र्याची हदीस आपल्या प्रत्येक घरात मुलांना सांगितली जाते. तहानेने ओली माती चाटणारा कुत्रा पाहून एक माणूस विहिरीत उतरतो, आपल्या मोज्यात पाणी भरतो, तो दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाजतो. अल्लाह त्याला माफ करतो. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही आपण सांगतो. तरी गल्लीत पोरं कुत्र्याच्या शेपटीला डबा बांधतात तेव्हा मोठी माणसं हसत बसलेली मी पाहिली आहेत. विचारलं तर म्हणतात, नापाक जनावर आहे. नापाकी पाण्याने जाते. त्या हसण्याचं काय करायचं?

एक दिवस

सकाळी आठच्या सुमारास गाडी येते. जाळीने पकडलेले कुत्रे कोणत्या गल्लीतून आणले ते वहीत लिहायचं, गळ्यात नंबर अडकवायचा. हे फार महत्त्वाचं, कारण ज्या गल्लीतून आणला तिथेच सोडायचा असतो. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायचं, म्हणजे भुलीत उलटी होऊन श्वासात अडकत नाही. मग वजन, भूल, शस्त्रक्रिया, टाके, रेबीजची लस. कानाच्या टोकाला छोटी खाच पाडतात. रस्त्यावर असा खाच पडलेला कान दिसला तर समजा, या कुत्र्याची नसबंदी आणि लस एकदा तरी झालेली आहे. पुढे तीन-चार दिवस जखमेवर लक्ष, आणि मग परत त्याच गल्लीत.

लोक मला विचारतात, "पकडलेत ना, मग परत कशाला सोडता?" एकतर कायदा तसा आहे. आधी २००१ चे आणि आता २०२३ चे नियम हेच सांगतात. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेलं, तेव्हाही २२ ऑगस्टच्या आदेशात हेच तत्त्व राहिलं. पिसाळलेले आणि हल्ला करणारे मात्र सोडायचे नाहीत. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, स्थानकं अशा आवारातल्या कुत्र्यांसाठी वेगळा, कडक आदेश आला.

दुसरं कारण साधं आहे. कुत्रा कचऱ्याजवळ राहतो. कचरा तसाच ठेवून कुत्रे उचलले तर शेजारच्या वस्तीतले येतात, तेही बिनलसीचे. लस घेतलेला, पिल्लं न घालणारा कुत्रा गल्लीत असणं हे नव्या अनोळखी टोळीपेक्षा बरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वस्तीतल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. आमची सगळी धडपड त्या आकड्यासाठी आहे.

आपल्या मोहल्ल्यांपुरती एक गोष्ट स्पष्ट लिहिते. मटणाच्या दुकानांमागचा आणि बकरी ईदनंतरचा उघड्यावरचा टाकाऊ भाग हे आमच्या गल्ल्यांत कुत्रे वाढण्याचं मोठं कारण आहे. कुर्बानीनंतर आतडी आणि रक्तमाती पिशवीत बांधून पालिकेच्या गाडीत देणं हा इबादतीचाच भाग समजावा, असं मला वाटतं.

जे घरी सांगत नाही

या कामात टीका दोन्हीकडून होते. कुत्रे पकडले म्हणून एक गल्ली शिव्या देते, सोडले म्हणून दुसरी. त्याची सवय होते. एका गोष्टीची होत नाही.

काही जनावरं वाचणार नसतात. पाठीचा कणा मोडलेला, आतडी बाहेर आलेली, डिस्टेंपरने झटके येणारी पिल्लं. असाध्य आजार किंवा प्राणांतिक जखम असेल तर डॉक्टरने वेदना न होता मरण द्यावं, अशी तरतूद नियमांत आहे. ते इंजेक्शन मी देते. दुसरं कुणी द्यायला नसतं. आधी भुलीचं, मग ते. पिंजरे भरले म्हणून, सांभाळायला माणूस नाही म्हणून मी आजवर ते दिलेलं नाही. पण काही सकाळी दोन, काही सकाळी चार.

शरियतच्या दृष्टीने हे बरोबर का, हे मी आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलं होतं. ते म्हणाले की आलिमांमध्ये यावर एकमत नाही. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं की सोयीसाठी जीव घेणं हराम, आणि जिथे केवळ यातना उरल्या तिथे डॉक्टरने खुदाला हजर समजून निर्णय घ्यावा. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी रात्री तुला झोप लागते का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "लागू लागली तर माझ्याकडे परत ये."

खोक्यातलं पिल्लू

दोन वर्षांपूर्वी, रमजानला आठवडा उरला असताना, आमच्याच मोहल्ल्यातली तीन मुलं बुटांच्या खोक्यात एक पिल्लू घेऊन केंद्रावर आली. तीनेक महिन्यांचं, तांबूस. तोंड उघडं, जबडा खाली लोंबलेला, लाळ गळत होती. "दीदी, याच्या घशात हाड अडकलंय," सगळ्यात मोठा म्हणाला. "आम्ही काढायला बघितलं, निघेना."

माझ्या पोटात गोळा आला. जबडा लोंबलेला, गिळता येत नाही, आवाज बदललेला, मागचे पाय लटपटत आहेत. हे हाड नसतं. रेबीजचा एक प्रकार असा असतो की कुत्रा चवताळत नाही, चावत सुटत नाही, तो गप्प होतो आणि लुळा पडत जातो. लोकांना वाटतं घशात काही अडकलं, आणि ते तोंडात हात घालतात.

पिल्लाला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. मुलांना तिथेच नळाखाली उभं केलं आणि साबणाने पंधरा मिनिटं हात धुवायला लावले. कुणी कुणी हात लावला, विचारत गेले तर नावं वाढत गेली. पिल्लू चार दिवस गल्लीत होतं. कुणी दूध पाजलं होतं, कुणी कुशीत घेतलं होतं, कुणाला दात लागला होता, त्याने मारतील म्हणून घरी सांगितलं नव्हतं. त्या तिघांच्या घरी फोन करून त्यांना आधी दवाखान्यात धाडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लू गेलं. नमुना प्रयोगशाळेत पाठवला, पण अहवालाची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसली की इलाज नाही. लक्षणं दिसण्याआधी लस घेतली तर माणूस वाचतो. सगळा खेळ त्या मधल्या दिवसांचा.

संध्याकाळी बादलीत कोट टाकला, न्हाणीतून आले आणि अम्मीला सांगितलं की मला घरोघरी जायचंय. ती म्हणाली, "तुला कोण दार उघडेल? कुत्र्यांची डॉक्टर आली म्हणतील." मग तिने बुरखा चढवला. "चल. मी दार वाजवते."

मगरीबनंतर आम्ही मायलेकी निघालो ते रात्री अकरापर्यंत. अम्मी दार वाजवायची, सलाम करायची आणि सरळ विचारायची, "तुमच्या पोराने त्या तांबड्या पिल्लाला हात लावला का?" बहुतेक घरांत आधी नकार यायचा. मुलगा पडद्यामागून बघत असायचा. अम्मी त्याला जवळ घ्यायची, "मारणार नाही कुणी. अल्लाहची कसम, तुझा बाप पण नाही मारणार. सांग." मग ते पोर हात पुढे करायचं.

एका घरी ओरखड्यावर चुना भरला होता. एका घरी हळद आणि तिखट. एक आजोबा म्हणाले, पोटात चौदा सुया घेऊन पोरगं अर्धमेलं होईल. त्यांना सांगितलं, चाचा, ते कधीच बंद झालं. आता सुई दंडाला, आणि चारच खेपा. एका खालांनी दम केलेलं पाणी दिलं होतं. अम्मी त्यांना म्हणाली, "दुआ तर हवीच. पण उंटाला आधी बांधायचं, मग भरोसा ठेवायचा, हे आपणच पोरांना शिकवतो ना?"

त्या रात्री आणखी आठ मुलं निघाली, म्हणजे एकूण अकरा, आणि एक आजी, जिने पिल्लाच्या तोंडात बोट घातलं होतं. सकाळी दोन रिक्षा करून नवी माणसं सरकारी दवाखान्यात गेली. ज्यांच्या जखमेतून रक्त आलं होतं त्यांना जखमेत सीरमही द्यावं लागलं. मी नोकरीला लागतानाच लस घेतलेली, त्यामुळे मला दोनच सुया पुरल्या.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. रेबीज.

सगळ्यांनी पूर्ण खेपा घेतल्या. अठ्ठाविसाव्या दिवसाची सुई ईदच्या धामधुमीत येत होती. अम्मीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारा नावं लिहिली होती आणि ती एकेकाच्या घरी जाऊन आठवण करून देत होती. ईदच्या दुपारी तीच मुलं नवे कपडे घालून ईदी मागायला आमच्या दारात आली. अल्हम्दुलिल्लाह, आज सगळी ठणठणीत आहेत. चुना भरलेला मुलगा यंदा सातवीत गेला.

घरासाठी एवढं लक्षात ठेवा

जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजने मरतात असा अंदाज आहे, आणि कुत्रा चावलेल्यांत मुलांचं प्रमाण फार मोठं असतं. म्हणून मुलांना आधी हे शिकवा की चावलं, ओरखडलं, जखमेला लाळ लागली, तर घरी सांगायचं. सांगितल्याबद्दल मार मिळणार नाही, हा शब्द त्यांना आजच द्या.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. साबणाने हा विषाणू मरतो. चुना, तिखट, हळद, तेल काही लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. सरकारी दवाखान्यात लस मिळते. दंडाच्या कातडीत देतात त्या पद्धतीत पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा अशा तारखा असतात. एकही चुकवू नका. कुत्रा पाणी पितो म्हणजे तो पिसाळलेला नाही, ही समजूत चुकीची आहे. मांजरापासूनही रेबीज होतो. आपल्या घरात मांजर लाडकं असतं, तर त्यालाही दरवर्षी लस टोचून घ्या.

आणि ज्यांची मुलं-मुली 'नीट' देत आहेत त्यांच्यासाठी. एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून घरात मातम करण्याआधी पशुवैद्यकीय पदवीचा विचार करा. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे सरकारी महाविद्यालयं आहेत. इंटर्नशिप धरून अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, सरकारी दवाखाने, संशोधन अशा पुष्कळ वाटा पुढे आहेत. माझ्यासारखी कुत्र्यांच्या केंद्राची वाट सगळ्यांनी धरावी असं मी म्हणणार नाही. तिथे पगार बेताचा आणि वास कायमचा.

निळी बादली अजून तिथेच आहे. अम्मीचा नियमही तोच. फक्त मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आले, त्यांच्या बाईने जिन्यात अम्मीला विचारलं की तुमची मुलगी काय करते. मी खालून येत होते, म्हणून ऐकलं.

"डॉक्टर आहे," अम्मी म्हणाली. आणि विचारायच्या आधीच पुढे म्हणाली, "कुत्र्यांची."